एवढ्याशा कामाला कोणाला कळवायचे?

वर्धा जिल्ह्यातल्या घरांत उन्हाळ्याची वर्दी पंचांगाआधी कूलर देतो. होळी आटोपली की माळ्यावरची ती पत्र्याची पेटी खाली उतरवली जाते. गेल्या वर्षीच्या काळवंडलेल्या ताट्या काढून वाळ्याच्या नव्या बसवतात, टाकीतला गंज खरवडतात, पंप बादलीत बुडवून चालतो की नाही ते पाहतात. चालला, की पेटी खिडकीशी लागते आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत तिची घरघर घराच्या अंगवळणी पडते.

सेवाग्रामच्या त्या घरातही असेच झाले. घर साधारण चाळीस वर्षांपूर्वीचे. वर्ध्याच्या बाजारात कापडाची पेढी सांभाळून उतारवयात शांतपणे राहता यावे म्हणून बाबूजींच्या वडिलांनी ते बांधले. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी येथे आले तेव्हा हे गाव शेगाव होते. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाची गल्लत होऊ लागली म्हणून १९४० साली त्याचे सेवाग्राम झाले. ते आले तेही याच उन्हात. आश्रमातल्या कुट्यांना मातीच्या जाड भिंती आणि वर कवेलू, त्यामुळे आजही आत पाऊल टाकले की फरक जाणवतो. बाबूजींच्या वडिलांनी मात्र आपल्या काळाच्या रीतीप्रमाणे सिमेंटचा स्लॅब टाकला. स्लॅब तापला की रात्री दोनपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. तेव्हापासून त्या घराचे आणि कूलरचे नाते जडले ते जडलेच.

यंदा घरात निमित्तही मोठे होते. सूनबाईंचे वर्षीतप पूर्णत्वाला येत होते आणि अक्षय तृतीयेला पारणे होते. नागपूर, अमरावती, यवतमाळहून पाहुणे येणार. वयोवृद्ध आत्याबाई आधीच आठ दिवस येऊन राहणार. त्यांची सोय मधल्या खोलीत करायची ठरले. त्या खोलीत कूलर लावायला जागा होती, पण मोठी पिन बसेल असा सॉकेट नव्हता. दिव्याच्या आणि पंख्याच्या बटणांचा एक जुना लाकडी बोर्ड तेवढा होता.

चिरंजीव कामसू. पेढीचा हिशेब, मालाची आवक, सरकारी विवरणपत्रे हे सगळे स्वतः पाहणारे. त्यांनी दुकानातून येताना १६ अँपिअरचा सॉकेट आणि बटण आणले, मुख्य स्विच पाडला, लाकडी बोर्डावर नवी पेटी ठोकली आणि पंख्याच्याच तारेतून दोन फाटे काढून सॉकेटला जोडले. अर्ध्या तासात काम फत्ते. कूलर सुरू झाला. आत्याबाईंनी आशीर्वाद दिला.

बाबूजी दारात उभे राहून पाहत होते. "परवानगी-बिरवानगी काही लागत असेल का रे याला?" एवढेच त्यांनी विचारले.

"बाबूजी, एवढ्याशा कामाला कोणाला कळवायचे?"

प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर मिळाले आणि विषय संपला. आपल्या बहुतेक घरांत तो तेथेच संपतो.

येथे चिरंजीवांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्यांनी हिशेब केला नव्हता असे नाही. घरगुती कूलर साधारण दोनशे वॅट वीज घेतो, म्हणजे जेमतेम एक अँपिअर. जुन्या पिवळ्या बल्बांच्या भाषेत दोन बल्ब. पंख्याच्या तारेला एवढा बोजा सहज पेलतो. त्यांचे गणित बरोबरच होते. फक्त ते एकाच रकान्याचे होते.

दुसरा रकाना उघडला तो चार दिवसांनी, आणि तोही एका फळीमुळे.

सकाळी भांडी घासायला येणाऱ्या बाई जाता जाता कूलरमध्ये पाणी भरीत. बाबूजी वर्तमानपत्र वाचीत बसले होते. त्यांच्या लक्षात आले की बाई रोज देवडीतली एक जुनी फळी आणतात, ती कूलरपुढे ठेवतात, चप्पल घालूनच तिच्यावर उभ्या राहतात आणि प्लास्टिकच्या मगाने लांबून पाणी ओततात. घरात चप्पल न घालणारी बाई. बाबूजींनी विचारले, "बाई, ही फळी कशाला?"

"काही नाही जी काकाजी. थोडं झिणझिण करते. कूलर हायेच तसा."

"कधीपासून?"

"लावला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. पयल्यांदा हात फेकला गेला माहा, मग पोरगी म्हने फळीवर उभी राहत जा."

"मग सांगितले का नाही?"

बाईंनी उत्तर दिले नाही. पदराला हात पुसले आणि त्या निघून गेल्या. उत्तर न देण्यातच उत्तर होते. मोलकरणीने मालकाच्या वस्तूत खोट काढायची नसते, घरात कार्य असताना तर मुळीच नाही.

बाबूजी त्या दिवशी जेवले नाहीत असे लिहिले तर ते नाटकी होईल, ते जेवले. पण जेवताना ते स्वयंपाकघरातल्या नळाला बांधलेल्या गाळणीच्या फडक्याकडे पाहत राहिले. त्या घरात पाण्याचा एक थेंबही न गाळता वापरला जात नाही. फडके वाळत घालण्याची, जीवाणी जपून सोडण्याची रीत तीन पिढ्यांची. यतना हा शब्द नातवंडांनाही ठाऊक. आणि त्याच घरात, चार हात अंतरावर, एक बाई चार दिवस फळीवर उभी राहून गाळलेले पाणी जिवंत पत्र्याच्या पेटीत ओतत होती.

त्यांनी उठून कूलरचे बटण बंद केले, पिन काढली आणि चिरंजीवांना पेढीवर फोन लावला.

विदर्भात कूलरचा धक्का ही नवलाची बाब नाही. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर त्या बातम्या येतात: पाणी भरताना गृहिणी, चेंडू काढायला गेलेले मूल, ओली फरशी पुसणारी सून. महावितरणही दरवर्षी या दिवसांत आवाहन काढते की पाणी भरण्याआधी बटण बंद करून पिन काढा, तीन पिनांचाच प्लग वापरा, अर्थिंग तपासा, पंपाची तार पाण्यात बुडू देऊ नका. आवाहन सगळे वाचतात. पिन काढणारे थोडे.

कारण समजून घेण्यासारखे आहे. पंप पाण्यात बसलेला, त्याच्या तारेवरचे आवरण उन्हाने तडकलेले, चोहीकडे पाणी ठिबकणारे. वीज पत्र्यावर उतरायला फार निमित्त लागत नाही. पत्र्याला जमिनीकडे जाणारी अर्थिंगची तार जोडलेली असेल तर ती वीज तिच्या वाटेने निघून जाते, फ्यूज उडतो, घरचे वैतागतात आणि सगळे जिवंत राहतात. ती तार नसेल तर पत्रा तसाच भारलेला राहतो आणि कोणीतरी हात लावण्याची वाट पाहतो. हात लावणारा कोरड्या फळीवर असला तर झिणझिण. ओल्या फरशीवर अनवाणी असला तर पुढचे सांगायला नको.

फ्यूज अशा वेळी माणसाला वाचवत नाही, हे पुष्कळ सुशिक्षितांनाही माहीत नसते. दिव्याच्या लाइनीचा फ्यूज ५ अँपिअरचा, म्हणजे ५००० मिलिअँपिअरचा. माणसाचा घात व्हायला त्याचा शंभरावा हिस्साही पुरतो. फ्यूज आणि एमसीबी हे तारेचे रखवालदार आहेत, माणसाचे नव्हेत. माणसासाठी निराळे साधन असते. त्याला आरसीसीबी म्हणतात. जाणारी आणि परत येणारी वीज ते सतत ताडून पाहते आणि मेळ बसला नाही की क्षणार्धात पुरवठा तोडते. घरगुती वापरासाठी ही फरकाची मर्यादा ३० मिलिअँपिअर असते. पेढीवर रोज रात्री गल्ला आणि रोजकीर्द जुळवणाऱ्यांना हे तत्त्व समजायला वेळ लागू नये: गेलेले आणि आलेले जुळले नाही तर कुलूप.

संध्याकाळी वर्ध्याहून तारतंत्री आला. बाबूजींनी मुद्दाम परवानाधारक माणूस मागवला होता. वय पस्तिशीचे, आयटीआयमध्ये शिकलेला, शासनाचा तारतंत्रीचा परवाना खिशात बाळगणारा आणि एका परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या हाताखाली काम करणारा. त्याने सॉकेट उघडला. तीन भोकांपैकी वरचे मोठे भोक, जे अर्थिंगचे असते, त्याच्या मागे काहीच नव्हते.

"काकाजी, पिन तीनची हाये, पण तार दोनच आल्या. तिसरी पिन शोभेची."

बोर्डातच मुळी अर्थिंगची तार नव्हती, कारण त्या काळी दिव्याच्या बोर्डाला ती द्यायची पद्धत फारशी नव्हती. मग घराचे अर्थिंग तरी कोठे आहे, याचा शोध सुरू झाला. मीटरच्या फळीपासून तांब्याची एक जुनी तार निघाली. भिंतीच्या कडेने न्हाणीघरापर्यंत गेली. तेथे ती पूर्वी लोखंडी नळाला गुंडाळलेली असावी, कारण वेटोळे तसेच होते. पण वेटोळ्याच्या आत आता काहीच नव्हते. दहा-बारा वर्षांपूर्वी न्हाणीघराच्या फरश्या बदलल्या तेव्हा गवंडी आणि नळकारागीर यांनी गंजलेला लोखंडी नळ काढून प्लास्टिकचा टाकला होता. तार त्यांनी जपून बाजूला ठेवली होती. कोणाचे काही चुकले नव्हते, आणि सबंध घराचे अर्थिंग दहा वर्षे हवेत लोंबकळत होते.

ते फरश्यांचे कामही "एवढेसे"च होते. त्यालाही कोणाला कळवावे लागले नव्हते.

आणखीही काही निघाले. आत्याबाईंबरोबर आलेल्या नातवाने त्याच नव्या सॉकेटवर इस्त्री आणि एकदा दोन हजार वॅटची शेगडी लावून पाहिली होती. मोठा सॉकेट दिसला की माणूस मोठी वस्तू लावणारच. पंख्याची बारीक तार आतून नरम पडली होती. आणि फ्यूज का उडाला नाही, तर त्यात कोणीतरी केव्हातरी जाड तांब्याची तार घातली होती. "हे वायर शिजून राहिलं होतं काकाजी," तारतंत्री म्हणाला. मधल्या खोलीच्या भिंतीपलीकडे पुढची खोली, आणि त्या खोलीत पेढीचे कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले.

त्या रात्री बाबूजींनी आपला मूळ प्रश्न पुन्हा हातात घेतला. त्यांना नियम वाचण्याची खोड आहे. विक्रीकराची परिपत्रके ओळीओळीने वाचण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. वीज कायदा २००३ आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा व वीजपुरवठ्याविषयीचे विनियम त्यांनी नातीकडून छापून आणवले. हे विनियम प्रथम २०१० साली आले आणि २०२३ साली नव्याने. पण त्यांतला जो भाग घरच्या दुरुस्तीला लागू पडतो तो त्याहून जुना आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ४५ वा नियम जवळजवळ तेच सांगत असे.

त्याचा आशय असा. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच, २५० व्होल्टपर्यंतचे घरगुती उपकरण किंवा फिटिंग जसेच्या तसे बदलायचे असेल, आणि त्याने जोडणीची क्षमता वा स्वरूप यत्किंचितही बदलत नसेल, तर ते काम घरच्या माणसानेही करावे. त्यापलीकडचे सारे काम, मग ती नवी जोडणी असो, वाढ असो, फेरफार असो की दुरुस्ती असो, शासनाने परवाना दिलेल्या विद्युत ठेकेदारामार्फत, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक कामगाराच्या हातूनच झाले पाहिजे.

क्षमता आणि स्वरूप, या दोन शब्दांवर बाबूजींनी पेन्सिलीने खूण केली. कामाला वेळ किती लागला, खर्च किती आला, भिंत फोडली की नाही, यांतले काहीही त्या वाक्यात नाही. जळालेला १६ अँपिअरचा सॉकेट काढून तसाच दुसरा बसवला असता तर चिरंजीव नियमात होते. पंख्याच्या तारेवर तो नव्याने बसवला तेव्हा दोनशे वॅटच्या जागी तीन हजार वॅटला आमंत्रण गेले आणि दिव्याच्या बोर्डाचा पॉवरचा बोर्ड झाला. क्षमताही बदलली, स्वरूपही. अर्ध्या तासात, दोन स्क्रूंमध्ये.

आणि कळवायचे कोणाला? ग्रामपंचायतीला नाही. घराला मजला चढवायचा, खोली वाढवायची, तर तिची परवानगी हवी. बोर्ड बदलण्याशी तिचा संबंध नाही. मुंबईसारख्या शहरात, जेथे बांधकामाचे नियम सर्वांत करडे, तेथेही गिलावा, रंग, फरशी, नळ आणि विजेच्या फिटिंगची दुरुस्ती वा बदल यांसाठी महानगरपालिकेची परवानगी मागावी लागत नाही. म्हणजे चिरंजीवांचे शब्द अक्षरशः खरे होते.

हा मजकूर चालला असताना लेस्टरहून पुतण्याचा फोन आला. तो इंग्लंडमध्ये वीस वर्षे आहे. त्याने सांगितले की तिकडे घरातल्या विजेच्या कामाचा समावेश बांधकामाच्या नियमांतच आहे. पी हा भाग जानेवारी २००५ पासून लागू झाला. तिकडेही जुन्या जागी नवा सॉकेट, नवे बटण बसवायला कोणाला कळवावे लागत नाही. पण मुख्य पेटीतून नवी लाइन काढली, ती पेटीच बदलली, किंवा न्हाणीघरात टबाच्या वा शॉवरच्या लगत काम केले, तर स्थानिक प्रशासनाच्या बांधकाम विभागाला आधी कळवावे लागते. नाहीतर नोंदणीकृत वीजतंत्र्याकडून काम करून घ्यावे, तो स्वतःच कळवतो आणि तुम्हाला प्रमाणपत्र देतो. कळवण्याच्या कामांची यादी इंग्लंडमध्ये २०१३ साली बरीच आखूड केली. स्वयंपाकघर त्यातून वगळले. "घर विकताना ते प्रमाणपत्र मागतात, मोठे काका," पुतण्या म्हणाला. "म्हणून लोक जपून ठेवतात."

बाबूजींना यातली शेवटची गोष्ट पटली. तिकडचा कायदा काय केले ते विचारतो, आपला कोणी केले ते. पण कागद मागणारा कोणीतरी तिकडे घर विकण्याच्या दिवशी तरी समोर येतो. आपल्याकडे परवानाधारक माणूस होता की नाही हे कोणी विचारीत नाही. विचारतो तो विद्युत निरीक्षक, आणि तो येतो अपघातानंतर. विजेमुळे जीवितहानी वा इजा झाली तर तिची खबर त्याला द्यावी लागते, अशी तरतूद २००३ च्या कायद्यात आहे. बाईंचा हात फेकला गेला, त्याच्या एक पायरी पुढे ही तरतूद उभी होती.

एवढ्यावर प्रकरण मिटले असते. परंतु तारतंत्र्याने जाता जाता मीटरकडे पाहून एक प्रश्न विचारला होता तो बाबूजींच्या डोक्यातून जाईना. "काकाजी, मंजूर लोड किती हाये?"

वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो. बिल भरणारे रकमेकडे आणि तारखेकडे पाहतात, त्या रकान्याकडे पाहत नाहीत. व्यापाऱ्यांच्या घरात तरी असे होऊ नये, कारण ही कल्पना त्यांच्या रोजच्या सवयीची आहे. कॅश क्रेडिटची मर्यादा मंजूर असते, तशीच ही. मर्यादेपेक्षा जास्त उचल करायची असेल तर बँकेकडे आधी अर्ज करतात, वाढीव तारण दाखवतात. येथे बाबूजींच्या वडिलांनी घर बांधताना जो भार मागितला, त्यावर पुढच्या चाळीस वर्षांत एक वातानुकूलन यंत्र, दोन गीझर, धुलाईयंत्र, घरगुती चक्की आणि पाण्याची मोटर एकामागून एक येऊन बसली होती. प्रत्येक वस्तू आली तेव्हा "एवढीशी"च होती. महावितरणला कोणी कधी कळवले नव्हते, आणि खरे तर कळवायचे ते येथे.

दुसरी गोष्ट त्याहून अडचणीची. पुढची खोली. घरगुती दराच्या मीटरवर चालणाऱ्या त्या खोलीत पेढीचा माल असे, तेथे एक टेबल, वजनकाटा, माल मोजणारा नोकर आणि दिवसभर पंखा. ज्या कारणासाठी वीज मंजूर झाली त्याहून निराळ्या कारणासाठी ती वापरणे हा कायद्याच्या १२६ व्या कलमाखाली अनधिकृत वापर ठरतो. आकारणी त्या वापराच्या दराच्या दुप्पट होते, आणि तो केव्हापासून चालू आहे हे ठरवता आले नाही तर तपासणीआधीचे बारा महिने धरले जातात. चिरंजीव म्हणाले, "बाबूजी, सगळेच असे करतात."

"सगळ्यांच्या खोलीत आपले तागे नाहीत," बाबूजी म्हणाले.

यात विम्याचाही मुद्दा होता आणि तो चिरंजीवांना जास्त लवकर पटला. आगीच्या विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत शॉर्ट सर्किटने जळालेले यंत्र वा तार स्वतः धरली जात नाही. त्यातून आग पसरून इतर माल जळाला तर तो धरला जातो. पण धोका वाढवणारा बदल केला आणि कंपनीला सांगितला नाही, तर त्याच मालाबद्दल वाद उभा राहतो. पेढीच्या मालाचा विमा दुकानाच्या पत्त्यावर होता. सेवाग्रामच्या खोलीचा त्यात उल्लेखच नव्हता. म्हणजे छतापर्यंत रचलेले ते तागे, नरम पडलेल्या तारेच्या भिंतीला टेकून, कोणत्याही कागदावर नव्हते.

पारण्याला नऊ दिवस उरले होते. बाबूजींनी तागे पहिल्या दोन दिवसांत दुकानाच्या गोदामात हलवले. भाडे पडले, चिरंजीव थोडे कुरकुरले. ठेकेदाराची माणसे आली. मधल्या खोलीला मुख्य पेटीपासून स्वतंत्र जाड तार आली, प्रत्येक सॉकेटला तिसरी तार आली, जाड तांब्याचा फ्यूज कचऱ्यात गेला आणि मुख्य पेटीत आरसीसीबी बसला. अंगणात अर्थिंगसाठी नवा खड्डा घेतला. विदर्भातली काळी माती पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात तडा. माती सुकून आकसली की इलेक्ट्रोडपासून सुटते आणि अर्थिंग नावापुरते उरते. म्हणून खड्ड्यात कोळसा आणि मीठ थरांनी घातले, वर पाणी ओतायला नळकांडे ठेवले. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी टाकायचे. तारतंत्र्याने मेगर लावून प्रत्येक लाइन मोजली. ठेकेदाराने चाचणीचा अहवाल सहीशिक्क्यानिशी दिला, आणि भार वाढवून घेण्याचा अर्ज त्या अहवालासह महावितरणकडे गेला. बाबूजींनी अहवालाची एक प्रत घराच्या खरेदीखताच्या पाकिटात ठेवली.

जोखीम संपली असे तारतंत्री म्हणाला नाही. त्याने चिरंजीवांना पेटीवरचे छोटे बटण दाखवले. "हे दर महिन्याला एकदा दाबायचं भाऊ. खटकन पडलं पाहिजे. नाही पडलं तर मले बोलवा, स्वतः खोलू नका." चिरंजीव हसले, पण मान डोलावली. मग त्यांनी विचारले की जळालेला स्विच, बल्ब, पंख्याचा रेग्युलेटर, एवढे तरी करू ना? "तेवढं खुशाल करा. जे होतं तेच बसवा. दुसरं काही बसवावंसं वाटलं की फोन करा."

पारण्याच्या दिवशी घर गजबजले. उसाचा रस, आरत्या, पाहुण्यांची रीघ. सूनबाईंना शांतपणे बसता यावे म्हणून मधली खोली त्यांच्यासाठी ठेवली होती. कूलर चालू होता. दुपारी आत्याबाईंनी विचारले, त्या कामाच्या बाईंना जेवायला बसवले का. त्या पंगतीत बसल्या होत्या, मुलीसह.

मेच्या पहिल्या तारखेला बाबूजींनी बाईंना मुख्य पेटीपाशी बोलावले आणि ते बटण दाखवले. आपण दाबावे असे त्यांच्या मनात होते, चिरंजीवांनी दाबावे असे चिरंजीवांच्या मनात होते. पण कूलरपाशी रोज हात जातो तो बाईंचा, तेव्हा हे काम त्यांच्याकडे असावे असे बाबूजींनी ठरवले होते. बाईंनी आधी हात मागे घेतला. मग बोटाच्या टोकाने दाबले. खटका पडला, सगळे घर एकदम शांत झाले, पंखे हळूहळू थांबले.

"आता धरत नाही न जी?"

"आता धरणार नाही. तरी पाणी भरताना बटण बंद करायचे आणि पिन काढायची."

बाईंनी खटका पुन्हा वर केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बटण बंद केले, पिन काढून खिडकीच्या गजाला अडकवली, आणि देवडीतली ती फळी आणून कूलरपुढे ठेवली.